क्षमा मिळाली, मग परिणाम का उरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्षमेविषयी विचारणारे दोन तऱ्हेचे. एक पाप करण्याआधी विचारतो, "नंतर माफी मिळेल ना?" दुसरा करून बसल्यावर विचारतो. पहिल्याचे उत्तर खाली एका परिच्छेदात आटोपले आहे. बाकी सारे दुसऱ्यासाठी आहे. त्याने कबुली दिली, प्रार्थना केली, क्षमा मिळाल्याचा विश्वासही धरला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोडलेले घर, गेलेली नोकरी, न बोलणारी मुलगी तशीच समोर पाहिली.

देव क्षमा करतो म्हणजे नेमके काय करतो?

नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये क्षमेसाठी जे क्रियापद सर्रास येते त्याचा साधा अर्थ सोडून देणे, जाऊ देणे. कर्ज सोडण्यासाठीही तेच वापरतात. प्रभूच्या प्रार्थनेत आपण रोज म्हणतो, "आमची ऋणे आम्हांस सोड", ते याच अर्थाने. मत्तयाच्या 18व्या अध्यायातल्या दृष्टांतात राजा आपल्या दासाचे 10,000 तालांतांचे कर्ज सोडतो. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 देनार आणि एक देनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे 6 कोटी दिवसांची कमाई. येशूने हा आकडा मुद्दाम फेडता न येण्याजोगा निवडला आहे. पण दृष्टांत ऐकताना एक गोष्ट निसटते: कर्ज सोडले म्हणजे ते हवेत विरले नाही. दासाच्या वहीतून ते राजाच्या वहीत गेले, तोटा राजाने सोसला. हिब्रूमध्ये क्षमेसाठी वापरला जाणारा एक शब्द तर सरळ 'उचलणे, वाहून नेणे' असाच आहे. ख्रिस्ती लोक वधस्तंभाकडे पाहून जे म्हणतात ते हेच, की माझे देणे कोणीतरी उचलले.

म्हणून पौल रोमकरांस लिहिताना (8:1) ख्रिस्तात असलेल्यांना दंडाज्ञा नाही असे ठामपणे म्हणतो. देव आणि माणूस यांच्यामधला खटला निकाली निघाला. जे घडले ते घडलेच नव्हते, असे मात्र पवित्र शास्त्र कुठेही म्हणत नाही.

मग परिणाम का उरतात? अर्धीच माफी झाली का?

गणना या पुस्तकाचा 14वा अध्याय उघडा. इस्राएल लोक देवाने वचन दिलेल्या कनान देशाच्या उंबरठ्यावर आहेत. हेरांनी घाबरवल्यावर ते रडतात, मागे मिसरात जाऊ म्हणतात, मोशेला दगडमार करायला निघतात. मोशे त्यांच्यासाठी विनवणी करतो आणि देव उत्तर देतो, तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी त्यांना क्षमा केली आहे. हे 20वे वचन. लगेच पुढच्या तीन वचनांत सांगितले आहे की यांच्यातला कोणीही तो देश पाहणार नाही. 40 वर्षे रानात. कालेब आणि यहोशवा सोडले तर त्या पिढीची हाडे तिथेच पडणार.

माफी खरी होती. तिचा पुरावा असा की त्या 40 वर्षांत मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारे अन्न, बंद झाले नाही, वाट दाखवणाऱ्या मेघस्तंभाने साथ सोडली नाही, आणि अनुवाद या पुस्तकात लिहिले आहे त्याप्रमाणे त्यांच्या अंगावरचे कपडेसुद्धा जीर्ण झाले नाहीत. देवाने रान रद्द केले नाही, पण रानात त्यांना एकटेही सोडले नाही. माझ्या मते या साऱ्या विषयाची किल्ली इथे आहे.

त्याच अध्यायाचा शेवट लोक सहसा वाचत नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे तेच लोक उठून म्हणतात, आम्ही पाप केले, चला, आता जाऊ त्या देशात. मोशे जाऊ नका म्हणतो. तरी ते जातात आणि हर्मापर्यंत मार खात मागे फिरतात. त्यांना पश्चात्ताप झाला नव्हता, त्यांना कालचा दिवस परत हवा होता. "मी माफी मागितली ना, मग आता सगळे पूर्वीसारखे व्हायला हवे," असे म्हणणाऱ्याची गत अशीच होते.

दावीदाचे उदाहरण नेहमी देतात. त्यात एवढे काय आहे?

बहुतेकांना गोष्ट नाथान संदेष्ट्याच्या "तो मनुष्य तूच आहेस" या वाक्यापर्यंत माहीत असते. खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते.

थोडक्यात आधीचे: राजा दावीद वाड्याच्या गच्चीवरून बथशेबेला पाहतो, बोलावून घेतो, ती गरोदर राहते. तिचा नवरा उरीया लढाईवर आहे. त्याला घरी आणून प्रकरण झाकण्याचा डाव फसतो, तेव्हा दावीद सेनापती यवाबाला चिठ्ठी लिहितो आणि ती उरीयाच्याच हातून पाठवतो. माणूस स्वतःच्या मरणाचा हुकूम स्वतः घेऊन गेला. 2 शमुवेलच्या 12व्या अध्यायात नाथान त्याला गाठतो. दावीद एका वाक्यात कबूल करतो. नाथानही तितक्याच थोडक्यात सांगतो, परमेश्वराने तुझे पाप दूर केले आहे, तू मरणार नाहीस. नियमशास्त्राप्रमाणे व्यभिचार आणि खून या दोहोंची शिक्षा मरण होती. ती टळली.

पण तलवार तुझ्या घराला सोडणार नाही, हेही नाथान त्याच भेटीत सांगतो. मग पानामागून पान ते घडत जाते. बाळ सातव्या दिवशी मरते. थोरला मुलगा अम्नोन सावत्र बहीण तामारवर अत्याचार करतो. दावीदाला फार संताप येतो, असे लिहिले आहे. त्याने पुढे काय केले, याबद्दल एक शब्द नाही. कारण शास्त्र सांगत नाही, पण मला वाटते, बोलायला त्याला तोंड उरले नव्हते. दोन वर्षांनी तामारचा सख्खा भाऊ अबशालोम अम्नोनाला ठार करतो, पळून जातो, परत येतो आणि बापाविरुद्ध बंड उभारतो. त्या बंडात दावीदाचा सर्वांत शहाणा मंत्री अहीथोफेल अबशालोमाला जाऊन मिळतो. वंशावळीच्या नोंदी जुळवून पाहिल्या तर हा अहीथोफेल बथशेबेचा आजोबा दिसतो. त्याच्याच सल्ल्याने अबशालोम बापाच्या उपपत्नींकडे उघडपणे जातो, आणि तेही वाड्याच्या गच्चीवर.

एवढे होऊन दावीद देवापासून तुटला नाही. बाळ गेल्यावर तो उठला, अंघोळ केली, मंदिरात जाऊन दंडवत घातले आणि जेवला. राजवाड्यातून परांगदा होताना शिमी नावाचा माणूस शिव्याशाप देत दगड मारत होता. बरोबरचे लोक त्याचे डोके उडवायला निघाले, तर दावीद म्हणाला, देऊ दे शाप. हा माणूस परिणामांना शत्रू मानत नव्हता, आणि आपण टाकलेले आहोत असेही मानत नव्हता. बथशेबेलाच पुढे शलमोन झाला, आणि त्याच नाथानाने येऊन त्या मुलाला यदीद्या, म्हणजे परमेश्वराला प्रिय, असे नाव दिले.

बापाच्या पापासाठी बाळ का मेले? हा कुठला न्याय?

हा प्रश्न गोड उत्तर देऊन मिटवू नये. शास्त्र त्या मृत्यूचा संबंध दावीदाच्या कृत्याशी जोडते, तो पुसता येत नाही. पण दुसरीकडे यहेज्केलच्या 18व्या अध्यायात तितक्याच स्वच्छपणे म्हटले आहे की मुलगा बापाच्या अन्यायाचा भार वाहणार नाही. दोन्ही एकत्र धरली तर एवढे म्हणता येते: दोष वारशाने जात नाही, दुःख मात्र जाते. दारू बापाने प्यायली तरी उपाशी मूल झोपते. या एका प्रसंगावरून इतर कोणाच्या मेलेल्या मुलाविषयी तर्क करायचा अधिकार कोणाला नाही. नाथान संदेष्टा होता, तुम्ही-आम्ही नाही.

मग माझा आजार किंवा माझ्या मुलाचे अपंगत्व हे माझ्या जुन्या पापाचे फळ असेल का?

येशूला हा प्रश्न सरळ विचारला गेला. योहानाच्या 9व्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य विचारतात, कोणी पाप केले, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. लूकच्या 13व्या अध्यायात शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेल्याची बातमी आहे. ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असे समजता काय, असे विचारून येशूच उत्तर देतो: नाही.

काही परिणाम उघड असतात. वर्षानुवर्षांच्या व्यसनाने खराब झालेले यकृत, खोट्या सहीमुळे झालेली अटक. तिथे कारण शोधायला संदेष्टा लागत नाही. जिथे असा उघड धागा दिसत नाही तिथे तो ओढून काढू नका. दुसऱ्याच्या आयुष्यात तर मुळीच नको. ईयोबाच्या मित्रांनी तेच केले, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग त्यांच्यावर निघाला.

पेरावे तसे उगवते, म्हणजे हे कर्मफळच झाले ना?

गलतीकरांस पत्रात (6:7) जवळजवळ हेच शब्द आहेत: माणूस जे काही पेरतो त्याचेच त्याला पीक मिळेल. त्यामुळे शंका साहजिक आहे. फरक असा की ख्रिस्ती विचारात हिशेब ठेवणारी व्यवस्था आपोआप चालत नाही, हिशेब एका व्यक्तीपुढे असतो, आणि ती व्यक्ती देणे सोडू शकते. पेरलेले सगळेच उगवत नाही. उगवले असते तर आपण कोणी उभे राहिलो नसतो. स्तोत्र 103 म्हणते तसे, आमच्या पापांच्या मानाने त्याने आम्हांला वागवले नाही. आणि पुढच्या जन्मावर काही ढकलायची सोय इथे नाही, जे काय आहे ते याच आयुष्यात पदरात घ्यायचे आणि याच आयुष्यात सोपवायचे.

क्षमेनंतर येणारे दुःख ही शिक्षा की शिस्त?

इब्री लोकांस पत्राचा 12वा अध्याय 'शिस्त' म्हणतो, आणि तिथला ग्रीक शब्द लहान मुलाच्या संगोपनाचा आहे. शिक्षा मागे पाहते, जे झाले त्याची किंमत वसूल करते. शिस्त पुढे पाहते. बाहेरून दोन्ही सारखीच दिसू शकतात, तीच कोर्टाची तारीख, तोच रिकामा पलंग. कोणाच्या हातून येते यावर सगळे अवलंबून. पत्रलेखक हेही मान्य करतो की कोणतीही शिस्त त्या वेळी आनंदाची वाटत नाही. एवढा प्रामाणिकपणा आपल्या प्रवचनांतही यावा.

माझे पाप कायद्याने गुन्हाही आहे. देवाने माफ केले, तर पोलिसांकडे जायलाच हवे का?

वधस्तंभावरच्या चोराला विचारा. लूकच्या 23व्या अध्यायात तो आपल्या साथीदाराला सुनावतो की आपली शिक्षा यथान्याय आहे, आपण केले त्याचे फळ भोगतो आहोत. मग येशूकडे वळतो आणि त्याला वचन मिळते, तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील. इतकी तत्काळ, इतकी पूर्ण क्षमा विरळाच. तरी कोणी त्याला खाली उतरवले नाही, आणि त्यानेही तसे मागितले नाही. योहान लिहितो की संध्याकाळी सैनिकांनी येऊन दोन्ही चोरांचे पाय मोडले. सुखलोकाचे वचन आणि मोडलेले पाय, एकाच दिवशी.

म्हणून ज्यात दुसऱ्याला इजा झाली आहे किंवा अजून होऊ शकते, अशा गुन्ह्यात देवाची क्षमा ढाल म्हणून वापरता येत नाही. मूल, स्त्री, नोकर, कोणीही अत्याचार सोसत असेल तर "त्याने पश्चात्ताप केला आहे, मंडळीची अब्रू जाईल, आपसांत मिटवा" हे वाक्य पुढच्या पापाची तयारी असते. अशी मिटवामिटवी करणाऱ्यांना मी क्षमाशील म्हणणार नाही. खरा पश्चात्ताप झालेल्याला तपास अडवायची गरज वाटत नाही.

भरपाई करावीच लागते का? क्षमा फुकट आहे ना?

फुकट आहे. भरपाई ही क्षमेची किंमत नाही, ज्याचे आहे त्याला परत देणे आहे. चोरलेला बैल गोठ्यात बांधून ठेवून पश्चात्तापाची प्रार्थना करता येत नाही. गणनाच्या 5व्या अध्यायातला नियम म्हणतो, पाप कबूल करा, पूर्ण रक्कम परत करा आणि वर पाचवा हिस्सा घाला.

जक्कयाची गोष्ट (लूक 19) नीट वाचली तर क्रम लक्षात येतो. येशू आधी त्याच्या घरी उतरायचे ठरवतो, लोक कुरकुरतात, आणि मग जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट देतो म्हणतो. स्वीकार आधी, पैसे नंतर. त्याने हिशेब मांडला तेव्हा त्याला कोणी धमकावत नव्हते.

फिलेमोनास पत्र हे एका पानाचे. अनेसिम नावाचा दास फिलेमोन या आपल्या मालकापासून पळालेला, आणि जाताना बहुधा काही नुकसानही करून गेलेला. पौल त्याला परत पाठवताना त्याला प्रिय बंधू म्हणतो, पण देण्याचा विषय टाळत नाही. त्याचे काही देणे असेल तर माझ्या हिशेबी मांड, मी फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो.

ज्याचे नुकसान झाले त्याने मला माफ केलेच पाहिजे, असे शास्त्र म्हणते ना?

ते शास्त्र त्याच्याशी बोलते. तुम्ही त्याच्या अंगावर ते फेकायचे नाही.

शिवाय क्षमा आणि विश्वास या दोन निराळ्या गोष्टी आहेत. योसेफ 17 वर्षांचा असताना भावांनी त्याला विकले. साधारण 22 वर्षांनी त्याने त्यांना आपली ओळख दिली, पण पहिल्या भेटीत नाही. आधी एकाला ओलीस ठेवले, पैसे पोत्यात परत ठेवून पाहिले, धाकट्या बन्यामिनाच्या पोत्यात प्याला ठेवला. ज्या यहूदाने त्याला विकायची कल्पना काढली होती तोच यहूदा "मुलाच्या जागी मला दास करा" म्हणून पुढे आला, तेव्हा योसेफाचा बांध फुटला. तोवर तो खोलीत जाऊन एकटा रडत होता, आणि तपासतही होता. तुमच्या बायकोने, भावाने, भागीदाराने तुम्हांला माफ करूनही घराची किल्ली परत दिली नाही, तर तो त्यांचा अधिकार आहे.

पाप कोणाजवळ कबूल करायचे? देवाजवळ की धर्मगुरूजवळ?

यावर मंडळ्यांत एकमत नाही. कॅथलिक परंपरेत धर्मगुरूजवळ पापनिवेदन हा संस्कार आहे, आणि 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा ते करण्याचा नियम घातला. पापाचा दोष क्षमेने जातो पण त्याची ऐहिक शिक्षा, म्हणजे शुद्ध होण्याचे उरलेले काम, बाकी राहू शकते, असे ती परंपरा मानते. प्रायश्चित्त आणि शोधनस्थळ (मरणानंतर शुद्ध होण्याची अवस्था) यांची शिकवण तिथून येते. 1517 मध्ये ल्यूथरने दंडमाफीच्या पत्रांवर आक्षेप घेतला तो याच जागी: हे उरलेले काम पैशाने कमी करता येते, असा समज पसरला होता. त्याच्या 95 प्रबंधांतला पहिलाच म्हणतो की विश्वासणाऱ्याचे सगळे आयुष्यच पश्चात्ताप असावे. प्रोटेस्टंट मंडळ्या क्षमेनंतर कोणतीही शिक्षा शिल्लक मानत नाहीत, परिणाम मानतात. ऑर्थोडॉक्स मंडळी मुळात कोर्टापेक्षा दवाखान्याची भाषा बोलते. पाप हा रोग, धर्मगुरू वैद्य, आणि बरे व्हायला वेळ लागतोच.

मराठी पवित्र शास्त्रात योहानाच्या पहिल्या पत्रात (1:9) 'पापे पदरी घेतली' असा प्रयोग आहे. 'कबूल केली' यापेक्षा तो मला फार जवळचा वाटतो. कबुली तोंडाची असते. पदरी घेतलेली वस्तू माझी होते, ती घेऊन चालावे लागते. कोणाजवळ बोललात यापेक्षा पदर पुढे केला की नाही, हे आधी पाहा.

देव पाप विसरतो म्हणतात. मग माझ्या का लक्षात राहते?

'आठवणार नाही' या यिर्मयातल्या वचनाचा अर्थ देवाची स्मरणशक्ती जाते असा नाही. तो ते तुमच्याविरुद्ध पुन्हा काढणार नाही, इतकाच. तुम्हांला आठवते ते मेंदू शाबूत असल्यामुळे.

पण मी स्वतःला माफ करू शकत नाही.

स्वतःला माफ करा असे शास्त्रात कुठेच सांगितलेले नाही, हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. ते काम तुमचे नाही. धनको तुम्ही नाही.

पेत्र आणि यहूदा इस्कर्योत या दोघांनीही एकाच रात्री येशूला दगा दिला, दोघांनाही पश्चात्ताप झाला. यहूदाने तर दग्याबद्दल मिळालेली चांदीची 30 नाणी परत नेऊन टाकली आणि "मी पाप केले" असे स्पष्ट म्हटलेही. पण तो ते घेऊन मुख्य याजकांकडे गेला, आणि "त्याचे आम्हांला काय? तुझे तूच पाहा" असे ऐकून एकटा निघाला. पेत्र रडला आणि इतर शिष्यांत राहिला. योहानाने एक बारीक खूण ठेवली आहे. पेत्राने येशूला तीनदा नाकारले तेव्हा तो कोळशाच्या विस्तवाजवळ शेकत उभा होता. पुनरुत्थानानंतर सरोवराच्या काठी येशूने मासे भाजायला विस्तव केला होता तोही कोळशाचाच. तिथे तीनदा विचारले, माझ्यावर प्रीती करतोस काय? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटले, असे लिहिले आहे. येशूने जखमेवरून बोट फिरवले, तिला वगळून पुढे गेला नाही. आणि लगेच हातात काम दिले, माझी मेंढरे चार.

अपराधाची भावना महिनोन्‌महिने झोप उडवत असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांनाही भेटा. त्यात विश्वासाची कमतरता नाही. आणि यहूदासारखे एकटे निघून जाऊ नका. आजच, आत्ताच कोणाला तरी सांगा.

मग आधी पाप करून नंतर क्षमा मागितली तर?

पौलाने हा प्रश्न ओळखून रोमकरांस पत्रात (6:1) स्वतःच मांडला आणि झिडकारला. इतिहासात लोकांनी ही युक्ती केलेली आहे. चौथ्या शतकात बाप्तिस्म्याने सगळी पापे धुतली जातात म्हणून पुष्कळ जण तो लांबणीवर टाकत. सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा 337 मध्ये मरणाच्या दारात झाला. हिशेब हुशारीचा आहे, पण असा हिशेब करणारा माणूस पश्चात्ताप करायच्या वेळी करू शकेलच, हे त्याला कोणी सांगितले? मन दर वेळी थोडे घट्ट होत जाते, आणि तोच या युक्तीचा परिणाम.

अक्षम्य पाप माझ्या हातून झाले असेल का?

मार्कच्या 3ऱ्या अध्यायात येशू पवित्र आत्म्याच्या निंदेविषयी बोलतो ते डोळ्यांदेखत झालेल्या चांगल्या कामाला सैतानाचे म्हणणाऱ्यांना उद्देशून. ज्याला ही भीती छळते त्याचे मन अजून मऊ आहे, म्हणून ते पाप त्याचे नव्हे, असे मंडळीतले जुने जाणते नेहमी सांगत आले आहेत.

पतन पावलेल्या सेवकाला पुन्हा पुलपिटवर उभे करावे का?

मंडळीत परत घेणे आणि पदावर परत बसवणे हे दोन प्रश्न आहेत, आणि ते एक केल्यानेच घोळ होतो. इसवी सन 250 मध्ये सम्राट देकियसच्या छळात असंख्य ख्रिस्ती लोकांनी जीव वाचवण्यासाठी मूर्तीला बळी दिला. छळ ओसरल्यावर ते परत आले. काही म्हणाले, यांना कधीच घेऊ नका. काही म्हणाले, लगेच घ्या. कार्थेजचा बिशप सिप्रियन मधल्या वाटेने गेला: घ्यायचे, पण वेळ लावून. 325च्या नायसिया परिषदेने नंतरच्या एका छळात जबरदस्ती नसताना ढळलेल्यांसाठी 12 वर्षांची वाट ठरवली: 3 वर्षे ऐकणाऱ्यांत, 7 वर्षे गुडघे टेकणाऱ्यांत, 2 वर्षे प्रभुभोजनाशिवाय प्रार्थनेत. आज हे क्रूर वाटेल. पण त्याच परिषदेने असेही ठरवले की मरायला टेकलेल्याला, तो कुठल्याही टप्प्यावर असो, प्रभुभोजन नाकारू नये. मरणाऱ्या माणसाला घरात घ्यायला ते एका रात्रीत तयार होते. माइक हातात द्यायला मात्र त्यांना घाई नव्हती. आपले हल्ली नेमके उलटे होते.

मी ज्याचे वाईट केले तो आता हयात नाही. काय करू?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली जातो. गणनाच्या त्याच 5व्या अध्यायात यासाठी तरतूद आहे. भरपाई घ्यायला माणूस उरला नसेल तर ती त्याच्या नातलगाला द्या. नातलगही नसेल तर ती परमेश्वराची होते आणि याजकाकडे जाते. म्हणजे घेणारा नाही म्हणून देणे माफ होत नाही, ते दुसरीकडे वळते. त्याची विधवा, मुले, ज्या कामावर त्याचा जीव होता ते काम, तसल्याच अन्यायाने होरपळलेला दुसरा कोणी. नाव न सांगता दिलेत तरी चालेल, खरे तर बरेच. मात्र मन हलके करण्यासाठी त्याच्या कुटुंबापुढे नव्याने जखम उघडायची असेल, तर आधी एखाद्या शहाण्या माणसाशी बोला, ते तुमच्यासाठी करता आहात की त्यांच्यासाठी.

दावीदालाही हीच अडचण होती. बथशेबा होती, शलमोन होता, उरीया नव्हता. "तुझ्याविरुद्ध, केवळ तुझ्याविरुद्ध मी पाप केले" हे 51व्या स्तोत्रातले वाक्य अनेकांना खटकते, मलाही खटकायचे. उरीयाचे काय? पण 2 शमुवेलच्या 23व्या अध्यायात दावीदाच्या 37 शूर वीरांची यादी आहे आणि तिच्यातले शेवटचे नाव उरीया हित्ती हे आहे. पुढे मत्तयाने येशूची वंशावळ लिहिली. तिच्यात तामार (दावीदाची मुलगी नव्हे, कितीतरी आधीची), राहाब, रूथ यांची नावे आहेत. बथशेबेचे नाव नाही. तिथे लिहिले आहे: जी उरीयाची बायको होती, तिच्यापासून दावीदाला शलमोन झाला.